मळा की माळा

सातारा
१२ जानेवारी १९९९

चि. स्वप्ना हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझ्या वडिलांचे माधवनगरहून पत्र आले. यल्लाप्पाला लहानपणापासून वाईट बातमी शेवटच्या ओळीत लिहायची खोड आहे. आधी स्वतःचे गुडघे, मग शेजारचे लग्न, आणि तळाशी बारीक अक्षरात हे, की स्वप्नाच्या आठवीतली चार मुले गणिताच्या तासाला शाळेबाहेर पडली, कालवा ओलांडून उसात गेली आणि तिथल्या विजेच्या मोटारीच्या पेटीला पट्टी लावत होती. कशासाठी, तर बाईंच्या संगणकाने सांगितले म्हणून.

संगणक तुमच्या शाळेला कोणीतरी देणगी म्हणून दिला, हे मला ठाऊक होते. त्यावर तू मुलांना खजिना शोधायला लावतेस, हे मात्र कडेगावात सगळ्यांना माहीत असून मला ठाऊक नव्हते. मी तुमच्याच संस्थेच्या शाळांत तीस वर्षे गणित शिकवले. खजिना वहीत असतो आणि तो प्रत्येकाने आपापल्या डोक्याने काढायचा असतो.

दुसरी गोष्ट. तुला जूनपासून नोकरीत कायम करायचे की निरोप द्यायचा, हे ठरवण्याआधी संस्थेला या प्रकारावर अभिप्राय हवा आहे, आणि तो मी द्यावा असे सचिव म्हणतात. मी सख्खी आत्या आहे हे फोन करून सांगितले. ते म्हणाले की बाई, तुमच्या वर्गात नात्यातलीच मुले जास्त नापास झाली, आम्हाला चिंता नाही. मी होकार दिला आहे.

काय झाले ते सरळ लिहून पाठव. रडगाणे नको.

कळावे. लोभाचे नंतर बघू.
आक्काताई

---

कडेगाव
१७ जानेवारी १९९९

ती. आत्यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

रडगाणे मी बाबांकडेही गात नाही, तुमच्याकडे कुठून गाईन? सरळ लिहिते.

खेळ असा आहे. चौघांचा एक गट. संगणक एक कोडे देतो. उत्तर बरोबर टाइप केले तरच पुढचा पत्ता पडद्यावर येतो, की अमुक ठिकाणी जा, तमुक मोजा. त्या पत्त्याबरोबर चौघांना चार वेगवेगळ्या सूचना मिळतात. एकाची सूचना वाचताना बाकीचे पाठ करून उभे राहतात. प्रत्येकाने आपली सूचना चिठ्ठीवर उतरवून स्वतःजवळ ठेवायची. एकट्याच्या चिठ्ठीने गणित सुटत नाही. चौघांनी बोलावेच लागते. गेल्या वर्षी जी मुले फळ्याकडे पाहून जांभया देत होती, ती आता मधल्या सुट्टीत घनफळावरून भांडतात.

त्या दिवशीचा पत्ता होता, शाळेच्या माळ्यावर जा आणि पेटीचे घनफळ काढा. प्रयोगशाळेवर माळा आहे आणि तिथे नकाशांची लाकडी पेटी आहे. पण आमच्या संगणकावर देवनागरी अक्षरे उमटत नाहीत. मराठी इंग्रजी लिपीत लिहावी लागते. तिथे माळा आणि मळा एकसारखेच दिसतात. शाळेला कालव्यापलीकडे दान मिळालेला मळा आहे आणि मळ्यात मोटारीची पेटी आहे. एका गटाने मळा वाचले.

मी एकाच वेळी सहा गटांकडे पाहत होते. ती चूक माझी. ते मी मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगितले. मुलांनी पेटीचे दार उघडले नाही आणि ती आपल्या पायांनी परत आली.

माझ्या चौकशीला घरचे माणूस यावे आणि त्याने आनंदाने यावे, याचे मला नवल वाटले नाही. तुम्ही बाबांनाही मॅट्रिकला फक्त पास केले होते.

मोठ्यांचा राग लहानांनी समजून घ्यावा अशी रीत आहे, ती पाळते.
स्वप्ना

---

सातारा
२१ जानेवारी १९९९

चि. स्वप्ना हिस,
आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी पास केले नाही, तो झाला. फरक आहे.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकच काना कमी पडला म्हणतेस. शेजारी उसाचा मळा आहे, हे सूचना लिहिणाऱ्या बाईला दिसू नये? तू जन्मल्यापासून या मुलखात आहेस. इथे मळा म्हटले की मूल चालू लागते. माळा त्याला दिवाळीच्या साफसफाईलाच आठवतो.

मुख्याध्यापकांनी मुलांचे जबाब पाठवलेत. त्यात लिहिले आहे की शिवांजली नावाची मुलगी पहिल्यापासून माळा म्हणत होती. बाकी तिघे मळा म्हणाले. तिघांपुढे एकीचे चालले नाही. हेच ना तुझे मिळूनमिसळून शिकणे? गणितात मतदान नसते, स्वप्ना. तिघांनी हात वर केले म्हणून सात साते पन्नास होत नाहीत. माझ्या वर्गात ती मुलगी आपले उत्तर लिहून मोकळी झाली असती. तुझ्या वर्गात ती विजेच्या पेटीपाशी पोहोचली.

मी सोमवारी येते. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, मला कडेगाव सापडते. जेवायला तुझ्याकडे थांबणार नाही, भाकरी बरोबर आणीन. चौकशीला आलेल्या माणसाने चौकशी असलेल्या माणसाचे मीठ खाऊ नये.

घशाला बरे नाही असे यल्लाप्पा लिहितो. हळद-गुळाचे पाणी घे. आवाज गेलेली मास्तरीण कोणाच्या कामाची नाही.

आक्काताई

---

कडेगाव
२७ जानेवारी १९९९

ती. आत्यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही पाण्याचा पेलासुद्धा परत केलात. शिपाईमामा अजून विचारतात की मॅडमच्या आत्या हाईत का फौजदार. मी म्हटले, दोन्ही.

चौघांना दार लावून एकेकटे बसवलेत. त्यातला शिवतेज बाहेर आला तो पांढराफटक. त्याचे वडील फौजेतून सुट्टीवर आले आहेत. आधी त्यांनीच फाटकाशी येऊन मला सुनावले होते, की बाई, आमची पोरं शिकायला धाडली, करंट खायला न्हाई. परवा तेच विचारत होते की आता पोराला तुरुंगात घालता का. यावर मी काय सांगायचे होते?

तुम्ही गेल्यावर सचिवांनी एक कागद समोर ठेवला. त्यावर लिहिले आहे की संगणकावरील खेळ म्हणजे अभ्यास नव्हे हे मला मान्य आहे आणि यापुढे मी तो घेणार नाही. सही केली तर कायम, नाही तर एप्रिलअखेर रजा. मजकूर तुमचा असावा असे मला वाटते. इतकी शुद्ध मराठी सचिवांना येत नाही.

मी सही केलेली नाही. चूक झाली, एवढे शंभर वेळा लिहून देईन. तो अभ्यास नव्हता, हे लिहून देणार नाही. नोकरी गेली तर माधवनगरला बाबांकडे जाईन आणि शिकवण्या घेईन.

उत्तर पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत.
स्वप्ना

---

सातारा
७ फेब्रुवारी १९९९

चि. स्वप्ना हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

कष्ट घेते. तो कागद माझा नव्हता. माझा असता तर ‘मला मान्य आहे’ शेवटी आले असते.

सोमवारी चौघांना मी एकच प्रश्न विचारला, की मळ्यातून परत का आलात. ती भिऊन आली असतील, असे मी धरून चालले होते. शिवतेज म्हणाला की त्यानेच दाराच्या कडीला हात घातला होता, तेवढ्यात शिवांजली म्हणाली की थांब रं, ही पेटी न्हवं. तिच्या चिठ्ठीत होते की पेटीची रुंदी उंचीच्या दुप्पट आहे. समोरची पेटी उभी, उंचीच जास्त. कसंबी फिरवली तरी बसंना, असे तो म्हणाला. मग बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या. एकही जुळेना. कोणी मोठे माणूस जवळ नसताना चौघे त्या पेटीपासून मागे सरले ते गणितामुळे. ते मला चौघांनीही समजावून सांगितले, मळा म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडलेल्यानेसुद्धा.

मग मी शिवांजलीला विचारले की तुला माळा ठाऊक होता, तर तू एकटी माळ्यावर का गेली नाहीस. ती माझ्याकडे मी मंद असल्यासारखे बघत म्हणाली, आवं मॅडम, तीन चिठ्ठ्या त्यांच्याजवळ हुत्या, मी एकली जाऊन काय करू?

माझ्या वर्गात ती एकटी गेली असती. शाबासकी घेऊन खाली बसली असती. बाकीचे तिघे चुकीचेच राहिले असते आणि मी त्यांना शून्य देऊन पुढच्या प्रकरणाकडे वळले असते. हे मी अभिप्रायात लिहिले. तुझ्या निष्काळजीपणाबद्दलही एक पूर्ण पान लिहिले, ते तुला संस्थेकडून मिळेलच. त्यातला एक शब्द मी कमी करणार नाही.

काल संस्थेची समिती बसली. सचिवांनी विचारले की शेवटी नाते आड आलेच ना. मी त्यांना कागद-पेन्सिल दिली आणि त्या पेटीचे घनफळ काढायला सांगितले. त्यांनी नात्याचा विषय सोडला.

तुला कायम केले आहे. सहीचा कागद रद्द. खेळ चालू राहील, पण एका अटीवर. प्रत्येक खेळाच्या वेळी संस्थेचा एक जबाबदार माणूस शाळेत हजर राहील आणि त्याने सूचना आधी वाचून मंजूर केल्याशिवाय एकही मूल वर्गाबाहेर पडणार नाही. अट मीच घातली. एवढा वेळ कोणाकडे आहे, असे सगळे विचारू लागले, तेव्हा मी हात वर केला.

दर बुधवारी सकाळच्या गाडीने येईन. पाणी घेईन. पुढच्या खेळाच्या सूचना टपालाने आधी पाठव, चुका लाल शाईत परत येतील.

तुझ्या पद्धतीवर अजून माझा विश्वास नाही.
आक्काताई