पहिली मूस

आबा, मूस टिकली! पन्नाशीला आलो, तरी सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत.

जळगावला मी ज्या पितळी ओतकामाच्या कारखान्यात आहे, तिथे धातू वितळवायच्या मुशी विलायतेहून यायच्या. लढाईमुळे त्या बंद झाल्या. शेठ म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही कुंभाराचे ना? मग घडवा. नाहीतर कारखान्याला कुलूप." मी मोठ्या ऐटीत आपल्या नदीकाठची लाल माती आणली. तुमच्या मडक्यांना ती पुरायची; पितळेच्या आगीत मात्र गुळासारखी खाली बसली. भात्यावरचा सोबती म्हणाला, "मूस केली का लापशी?" मग रेल्वेने पांढरी माती मागवली. ती वितळेना, पण तडकू लागली. तेव्हा आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई चूल घालते आहे, मी माती मळतो आहे आणि तुम्ही दारातून ओरडता, "अरे, खापरना चुरा कोठे शे? कोरी माती एकलीच आकसस. आग देखेल माती तिना संगे टाक!"

तसंच केलं. पांढऱ्या मातीचे गोळे आधी भाजले, कुटले, चाळले. तो चुरा कोऱ्या मातीत मळून मुशी घडवल्या, सावलीत वाळवल्या आणि पुन्हा भाजल्या. भट्टी आपोआप निवेपर्यंत शेठलाही हात लावू दिला नाही. आज उघडली, तर एकच मूस अखंड! टिचकी मारली, काशाच्या वाटीसारखी वाजली.

पण आबा, भट्टीतलं पहिलं भांडं आपण वापरत नाही. पाणी भरून देवाच्या ओट्यावर ठेवतो. दुष्काळातही तुम्ही ते चुकवलं नाही. मी मूस हातात धरून उभाच राहिलो. शेठ म्हणाले, "काय मिस्तरी, आरती करता का तिची?" ओतशाळेची आग पेटली होती, माणसं खोळंबली होती. मी ती आगीत ठेवली आणि पितळ भरलं. हिरवट ज्वाळा उठल्या, पितळ पातळ होऊन उगवत्या सूर्यासारखं तळपलं, साच्यात उतरलं. मुशीला साधी रेघ नाही. सगळे ओरडले. शेठ तर भात्यावरच्या सोबत्याच्या गळ्यातच पडले!

तुम्ही तर केव्हाच गेलात; हा कागद कुठे टपालात टाकायचा नाही, म्हणून सांगतो. तुमची आणि देवाची क्षमा मागायला तो घेतला होता. पण आनंदच इतका झाला आहे, की ती मागताच येत नाही.