आईचं पुंजणं कोणाच्या भिंतीवर

२९ ऑक्टोबर
देवयानी मॅडमचा नागपुरातून पुन्हा फोन. "सुषमा, ठरलं का तुझं?" नाही ठरलं. ठरलं असतं तर मीच नसता का केला फोन! पण तोंडाने काय, "दिवाळीनंतर सांगते मॅडम." गोडगोड. स्वतःचाच राग आला.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. चित्रं मी काढायची, विकायची त्यांनी. प्रदर्शन, गिऱ्हाईक, पाठवणं, वसुली, सगळी कटकट त्यांची, त्यातला वाटा त्यांचा. अट एकच, अन् तीच घशात अडकून राहिली आहे. करार आहे तोवर त्यांच्याशिवाय कोणाला एकही चित्र विकायचं नाही. द्यायचंही नाही.

अर्जुनीत बसून मी स्वतः काय दिवे लावले? शाळेच्या भिंतीवर मोर. दवाखान्यात गणपती, तोही "तू तं घरचीच हायेस" म्हणून फुकटात. मग अडलं कुठे माझं?

३१ ऑक्टोबर
बाबांना विचारलं. कापणीवरून आले होते, पाय धूत होते.
"धान अडत्याबिगर इकत नाई, मंग तुहं चित्र कसं इकन?"
मी म्हटलं, अडत्या नेते, पण आपलं धान कोणाच्या ताटात गेलं ते समजते का कधी?
"कायले समजा लागते? धान हाये, पोरगी नोहे."
झालं. एवढंच बोलून जेवायला बसले. मला मात्र जेवण गेलं नाही.

उन्हाळ्यात मॅडमने माझं बोडीचं, गावच्या छोट्या तळ्याचं, चित्र विकून दिलं होतं, नमुना म्हणून. कोणी घेतलं विचारलं तर म्हणे, "मुंबईचे एकजण आहेत. नाव आपण सांगत नाही गं." माझी बोडी, कमळाच्या पानांसकट, कुठल्या तरी घरात लटकून राहिली आहे अन् मला पत्ता नाही. पैसे आले होते, वेळेवर. हेही लिहून ठेवते, नाहीतर माझं म्हणणं एकतर्फी होईल.

५ नोव्हेंबर
मॅडमला फोटो पाठवले सगळ्या चित्रांचे. उत्तर लगेच. "पुंजणं! हेच मधोमध लावणार."
मला माहीत होतं. मागच्या साली कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून पुंजणं झालं, अन् आई त्याच्या सावलीत टेकली ती तिथेच डोळे मिटून बसली. एक चप्पल पायात, एक बाजूला. मागे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तुरीची पिवळी रेघ. मी धावत घरी जाऊन कागद आणला, ती उठायच्या आत रेघा मारल्या. नंतर रंगवायला अख्खा हिवाळा गेला. तसं पुन्हा माझ्या हातून होईल असं वाटत नाही.

९ नोव्हेंबर
पुंजण्याला गिऱ्हाईक आलं! नुसता फोटो पाहून. मॅडम खूष. "महिनाअखेर मी येते. चित्रं नेते, तेव्हाच सही करू." मी हो म्हणून बसली. फोन ठेवल्यावर अंगणात चार चकरा मारल्या. आई म्हणाली, "काऊन येरझाऱ्या मारून राहिली व? पोट दुखते का?"
तिला सांगितलंच नाही. दिवाळी झाल्यावर सांगू म्हटलं. ती चित्रात आहे, तिला आधी सांगायला पाहिजे होतं.

१६ नोव्हेंबर
आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. घर पाहुण्यांनी फुगलं आहे. वडे, पाहुणे, पुन्हा वडे. तिरोड्याकडून माझ्या मोठ्या बहिणीचे, मंगलाताईचे, सासरे आले, मामाजी. दोन वर्षांनी आले म्हणून आईची नुसती धावपळ. मी पाहुण्यांच्या पोरांना पाळण्यात बसवायला बाजारात घेऊन गेली. परतली तर मामाजी निघून गेले होते, गाडी मिळाली म्हणे.
अन् भिंतीवर खिळा.
नुसता खिळा!
"आई, चित्र?"
"इवायाले आवडलं. दोनदा म्हटलं त्याहीनं, इहीणबाई बराबर उतरल्या म्हणून. देऊन टाकलं."
आमच्याकडे व्याह्याने एखाद्या वस्तूला हात लावून बरं म्हटलं, की ती त्याच्या हाती लागलीच समजायची. मागे दुधाची पितळी कासंडी अशीच गेली, त्याआधी कोंबडा. पण चित्र! मी ओरडली, ते विकलं होतं म्हटलं. आई वड्याचं पीठ थापत तशीच बसली होती.
"मी हाये त्याच्यात. माहं मीनं देलं. तू इकली तं मले सांगतलं होतं का?"
आत जाऊन पोत्यावर बसून रडली, रागाने. मंडईतला लाउडस्पीकर "हॅलो माईक टेस्टिंग" करून राहिला होता.

१८ नोव्हेंबर
ताईला फोन. ती कुजबुजत, "नको मागू व सुशी, पाया पडते. सासरे रोज चार लोकायले बोलावून दाखवतेत. तू वापस मागितलं तं मले जलमभर आयकावं लागन."
इकडे मॅडमचा निरोप, पॅकिंगसाठी मोजमाप पाठव. मी मोजमाप पाठवलं. चित्र नाही अन् त्याची लांबीरुंदी पाठवते मी! वेडी आहे का मी?

२४ नोव्हेंबर
गेली शेवटी. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून तिरोडा, पुढे ऑटो. वाटभर मनात भाषण रचलं. वीज कारखान्याची धुराडी दिसली तशी अर्धं विसरली.

ओसरीत, दारासमोरच, पुंजणं. धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिकची पन्नी ताणलेली. पन्नीआडून आई दिसते. खरं सांगू, छान वाटलं. मग आठवलं, मी हे न्यायला आली आहे.

मामाजींनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. "या या! हेच ते पोट्टी, काढणारी." तिघे आले अन् आल्याबरोबर जे सुरू झालं! एकाला म्हाताऱ्या मायचं चित्र पाहिजे, एकाला मेलेल्या बापाचं, पोलीस पाटलाला स्वतःचं, बैलजोडीसकट. मामाजी पाय पसरून म्हणाले, "मी सांगून टाकलं यायले, काढून देते म्हणून. आपली घरची पोरगी हाये. पैशाचं नाव नाई काढाचं."
घ्या! मी एजंट ठेवू की नको म्हणून झोप उडवून बसली, अन् इकडे एकजण न सांगताच होऊन बसला. तोही फुकट वाटणारा!

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबलेली. तिचा चेहरा पाहून भाषणाचं उरलेलं अर्धंही गेलं. अन् मग काय झालं कोणास ठाऊक, तोंडातून निघालं, "मामाजी, मॅडमले विचारा लागन."
"कोन मॅडम?"
"नागपूरच्या. माह्या चित्रायचं सगळं त्याच पाहतेत. त्यायच्याबिगर मले काढूनही देता येत नाई."
सही केलेली नाही, कागद पाहिलेला नाही, अन् मॅडमच्या पाठीमागे लपली मी. पण काय जादू! पोलीस पाटील सरसावून बसले. मामाजी म्हणाले, "म्हणजे एजंट हाये तुले? बापा! पयले काऊन नाई सांगतलं?" बैलजोडीचा विषय तिथेच संपला. "नाही" म्हणायला मला आजवर कधी जमलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाने किती सोपं जाते.

धीर आला तसं चित्राचंही बोलली. प्रदर्शनात लावायचं आहे, द्याल का? ताईने ट्रे तिथेच दारात ठेवला. मामाजी उठून चित्रापाशी गेले, पन्नीवरची धूळ पुसली.
"ने ना. माह्या इहीणबाई नागपूरले चालल्या तं मी कायले अडवू? पण वापस आणजो. इवायाघरचं देलेलं इकाचं नसते, बेटा."
विकता येणार नाही तर नेऊन काय करू? चित्र तिथेच ठेवून आली. पन्नी नीट केली निघताना. ताईने फाटकापर्यंत येऊन हात दाबला.

२६ नोव्हेंबर
मॅडमला सगळं सांगितलं. व्याही, मंडई, खिळा. आधी हसल्या, मग हसल्या नाहीत. "सुषमा, परत करायचं चित्र मी विकू कशी? ज्यांना हो म्हटलं त्यांना काय सांगू?" बरोबर आहे.
मग म्हणाल्या, "असं कर, तसंच दुसरं काढ. तेच मोजमाप. त्यांनी फक्त फोटो पाहिलाय. दुसरंही तुझंच, यात खोटं काय?"
काय खोटं आहे ते मलाही सांगता येईना. पण ऐकल्यापासून एका जागी बसवत नाही. दुपारी कारण नसताना ब्रश धुतले. पुन्हा धुतले.

२८ नोव्हेंबर
या सालचं पुंजणं उभं राहिलं. आईला म्हटलं, बस ना तशीच. आली बिचारी, मनात राग नाही काही नाही. पण केस विंचरून, दिवाळीची साडी नेसून! दोन्ही चपला नीट जोडीने ठेवल्या, अन् फोटोला बसते तशी ताठ.
"आई, टेकून बस. डोळे मिट. थकल्यासारखी."
तिने मिटले. उघडले. पुन्हा मिटले. मग हसायला लागली.
"तवा मी खरंच थकली होती व. आता सोंग करू का?"
मी चिडली, मग मलाही हसू आलं. अर्धा दिवस गेला, कागद फाडले. शेवटी म्हटलं, बस जशी बसायची तशी. ताठ बसली. सरळ माझ्याकडे पाहत. मी तेच काढलं.
रेघा भराभर पडल्या. हे ते चित्र नाही. ज्याने ते मागितलं त्याला हे आवडेल की नाही, देव जाणे. मला आवडलं.
काढता काढता तिने विचारलं, "अन् हे कोणाच्या घरी जाईन?"
"माहीत नाही. मॅडम सांगत नाहीत."
"असं कसं? पयलं कुठं हाये मले मालूम हाये. मंगलीच्या ओसरीत. येता जाता लेक पाहते मले. अन् इथं मी कोणाच्या घरी जाऊन राहिली, हे इचारशीन तं खरी?"

२९ नोव्हेंबर
मॅडमला फोन. एका दमात बोलली, नाहीतर जमलं नसतं. तसंच दुसरं होणार नाही, वेगळं काढलं आहे. अन् सही करेन, पण माझं चित्र कोणाच्या घरी गेलं ते मला कळलं पाहिजे. आणि मामाजींसारख्यांना एखादं देऊन टाकायची मुभा पाहिजे.
मॅडमचं उत्तर तयार होतं.
"असं कोणी मागत नाही गं. नाव सांगितलं की कलावंत परस्पर विकायला लागतात, आमचं काम संपतं."
"मी मागून राहिली, मॅडम."
"गिऱ्हाईकाला विचारून कळवते. पण उद्या मी येतेच आहे, कागद घेऊन."
त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर केव्हाच मोकळी झाली असती मी. त्या सुटल्या तर पुन्हा दवाखान्यातले गणपती अन् पोलीस पाटलाचे बैल.

३० नोव्हेंबर
गिऱ्हाईकाचा काही निरोप नाही. मॅडम गोंदियाहून निघाल्या, एवढाच मेसेज. मी अंगण दोनदा झाडलं. बाबा म्हणाले, "सही कर अन् मोकळी हो." थोड्या वेळाने म्हणाले, "नाईतं नोको करू." ते सकाळपासून शेतात गेलेच नाहीत.

चित्र अजून ओलं आहे. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मॅडमने आल्याबरोबर पाहू नये म्हणून.
आई आली. परवाचीच साडी. विचारलं, "आला का फोन? सांगतलं का तिनं कोणाच्या घरचं ते?"
"नाही."
तिने हात पदराला पुसले, चित्र कडेने धरून हळू फिरवलं, दाराकडे तोंड करून ठेवलं. मग त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसली. तशीच ताठ.
"येऊ दे तिले. पयले मी इचारीन. सहीचं मंग पाहू."
रस्त्यावर गाडी थांबल्यासारखी वाटली.