आधी आत येईल तो हरला

२ जून, सोमवार

ज्याला एका बाजूची हार हवी आहे, त्याने पंच व्हावं का? मला उत्तर येत नाही. तरी झाले पंच.

आज दुपारी आई-बाबा घराबाहेर राहायला गेले. बाहेर म्हणजे दारापासून अकरा पावलांवर! गॅरेजसमोर बाबांनी ती गाडी आणून उभी केली आहे — आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. निवृत्त झालो की घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य या चाकांवरच्या डब्यात काढायचं, असं ते कैक वर्षं घोकतायत. आईने कधी हो म्हटलं नाही. शेवटी परवा जेवताना तिनेच पैज लावली.

"तीस दिवस इथंच, दारात राहून दाखव, व्हर्ल. जो आधी घरात पाय ठेवेल तो हरला. मी हरले तर घर विक. तू हरलास तर गाडी विकायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

"आणि दोघंही टिकलो तर?"

"तर तुझंच खरं, विक घर. पण आधी टिक!"

घराची किल्ली माझ्याकडे. मी एकटी आत. बाबा हरावेत असं मला वाटतं. लिहून टाकते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

३ जून

आईला खिडकीतूनच सांगितलं, मला हे घर का हवं. गावच्या वाचनालयात नोकरी आहे, ती पोटापुरती. पण शाळा अर्धवट सोडून कारखान्यात लागलेले इथे किती आहेत! त्यांच्यासाठी सप्टेंबरपासून पुढच्या खोलीत वर्ग काढायचा. घरातली पहिली पदवी माझी. ती माझ्यापुरती ठेवायची नाही.

"काढ ना," आई म्हणाली. "वीस जणांचे चिखलाचे बूट येतील. झाडणार कोण? तुझी पदवी?"

५ जून

बाबांनी मैल्याची टाकी रिकामी करायला बोलावलं. नळी माझ्या हातून निसटली.

"चार वर्षं कॉलेजात बसलात कॉलेजबाई, नळी धरायला नाही शिकवलं?"

शेजारच्या आर्डिथकाकू कुंपणावरून — "व्हर्ल, ही सर्कस कधी उठणार? निदान हत्ती तरी धुवा!"

बूट फेकून दिले. सगळ्यांचा राग येतो.

८ जून, रविवार

आज मी नीचपणा केला. कोंबडी-नूडल्स केल्या, खाली कुस्करलेले बटाटे, लोणी — बाबांना आवडतं तसं. आणि त्यांच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

बाबा पायऱ्यांपर्यंत आले. एक पाय वर उचललेला.

"ये, ये! टाक पाय!" आई घडीच्या खुर्चीतून ओरडली. ते परत फिरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पंच आहेस की सैतान?"

ताट बाहेर दिलं नाही. एकटी जेवले.

११ जून

त्या डब्याच्या भिंती इतक्या पातळ की बाबांची जांभई मला स्वयंपाकघरात ऐकू येते. आजचं भांडण तर अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"आणि चालवणार कोण? मीच! सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, लोकांची कार्टी पोचवली. आता तुला पोचवू?"

"मी चालवतो ना, ट्वायला!"

"तू? तू गाडी मागे घेताना पत्रपेटी पाडलीस. ती पण आपलीच!"

१५ जून

आज वडिलांचा दिवस. कार्ड दिलं नाही.

१७ जून

आज सकाळी त्यांच्या शेगडीवरचं कपाट आईच्या खांद्यावर कोसळलं. फार लागलं नाही. मी धावत गेले तर बाबा कपाटाची मागची फळी हातात धरून उभे. फळीवर पेन्सिलीने आकडा — ४१.

४१ म्हणजे बाबाच. कारखान्यात एकतीस वर्षं ते या गाड्यांची कपाटं बसवत होते. प्रत्येक जण आपला आकडा मागे लिहितो. ही गाडी त्यांच्याच कारखान्यातली. घेताना केवढी ऐट होती — "आमच्या हातची आहे!"

"कपाट धरायला इथं आठ पिना मारायच्या असतात," ते म्हणाले. "चार आहेत."

आई हसायला लागली होती. मग थांबली.

१९ जून

आई ड्रायव्हरच्या जागेवर, पाय समोर टाकून, मांडीवर नकाशा. मी विचारलं, खांदा कसा आहे. तर म्हणते, "अठरा दिवसांत न्हाणीतला टब घासायला एकदाही वाकले नाही, माहितीय? हे सगळं झाडायला नऊ मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलं."

तिचं बोट नकाशावर फिरत होतं.

"सव्वीस वर्षं चौदा मैल जायचं आणि तेच चौदा परत. पंधराव्या मैलावर काय असतं गं?"

"मक्याची शेतं," मी म्हणाले. रागच आला होता. "आई, तू पैज विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणून तर सांगते — तो आत आला ना, तर मला सांगू नकोस."

२० जून, शुक्रवार

दुपारी कामावरून लवकर आले. तळघराचं मागचं दार उघडं. आतल्या पायरीवर बाबा बसलेले, मांडीवर स्क्रूंचा डबा.

"स्क्रू न्यायला आलो." मग, "खोटं कशाला बोलू? तास झाला इथं बसलोय. झोपच लागत नाही तिथं. त्या भिंतींत काय आहे ते मला ठाऊक आहे. बाकीच्यांना नसतं, म्हणून ते मजेत फिरतात."

मी सोडलं नाही. "अशा किती गाड्या केल्या तुम्ही? लोक झोपतात त्यांत! मुलं झोपतात!"

"नगावर पैसे होते. लवकर उरकलं की लवकर सुटायचो. रोज तीनला तुला वाचनालयात कोण न्यायचं? तो वेळ कुठून यायचा वाटलं तुला? त्या चार पिनांवरच उभी आहे तुझी पदवी, कॉलेजबाई."

डब्याचं झाकण लावून ते उठले.

"जा, सांग तिला. तुला हेच हवं होतं ना?"

२१ जून

सांगितलं नाही.

सांगितलं तर घर राहतं. मला वर्ग, बाबांना सुटका — आणि आई परत त्या टबासमोर. नाही सांगितलं तर घर जातं, आणि बाबा जन्मभर त्या भिंती ऐकत पडणार. शिवाय मी खोटी. काय पण सोय केली आहे या दोघांनी माझी!

२४ जून

सांगितलं.

आईने नकाशाची घडी घातली. मग — "सांगू नकोस म्हटलं होतं."

"मी पंच आहे, आई."

"मुलगी नाहीस तू. नुसती शिट्टी आहेस!" बाबांकडे वळून, "आणि तू! अकरा पावलांचा प्रवास झेपला नाही तुला. जा, बसा आत दोघं. घर आरशासारखं ठेवा."

बाबा आत आले. अंघोळ करून आपल्या पलंगावर झोपले. आई नाही आली. गाडी विकेपर्यंत तिथंच राहणार म्हणे.

२७ जून

बाबांनी काचेवर 'विकणे आहे' लावलं. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. बाबा प्रत्येकाला कपाटाच्या मागची बाजू दाखवतात — "चार पिना आहेत. मीच मारल्यात." लोक टायरला एक लाथ मारतात आणि जातात.

आई माझ्याशी बोलत नाही. मीठ मागायचं तर आर्डिथकाकूंकडे मागते.

३० जून

बाबा सकाळपासून गाडीत. एकेक कपाट उतरवून स्क्रू मारतायत. आठ-आठ. आई बाहेर खुर्चीत, त्यांच्याकडे पाठ करून. पण स्क्रूंचा डबा तिच्या हातात होता. मी दिसताच खाली ठेवला.

वर्गासाठी पहिलं नाव आलं. बाबांच्या कारखान्यातला माणूस. आनंद व्हायला हवा होता.

३ जुलै, गुरुवार

गाडी विकली गेली, पैजेत ठरलं होतं तशी. घेणारी मी. पुढच्या पदवीसाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं. बाबांनी सही केली. कागदावर मालक म्हणून नाव घातलंय आईचं. सकाळी कागद आणि किल्ली तिच्या खुर्चीत ठेवून मी कामाला गेले. संध्याकाळी परत आले, तेव्हा गॅरेजसमोर फक्त तेलाचा एक डाग होता.