यांचं गाऱ्हाणं कुणी पुसलं?

१२ ऑगस्ट
मनू, काल तारीख घातली नाहीस. मी फोनात बोलायचं, तू माटुंग्याला बसून टाइप करायचं, एवढीच वाटणी. त्यातली अर्धी तू विसरतेस. आजोबांचं गाऱ्हाणं तुझ्याही फोनात होतं. फोन बदललास, जुना विकलास, गाऱ्हाणं त्यातच गेलं. मला अक्षर येत नाही, पण आठवण शाबूत आहे.

तर. वायफायचा डबा मेला. मामी गणपतीची साफसफाई करताना जळमटं काढत होती. बटण बंद केलं, परत लावलं, दिवा नाही. नेट गेलं म्हणून घर सुतकात. मला नेटशी काय करायचंय? पण त्याच डब्याच्या पोटात सगळ्यांच्या फोनांतलं साठतं. यांचा आवाजही तिथेच. आणि चतुर्थी तोंडावर.

मामा लगेच, "जळला तो. भंगारात टाकतो."
एवढी घाई? हा माणूस मोडकी छत्री वर्षानुवर्षं टाकत नाही.

१३ ऑगस्ट
डबा मी तांदळाच्या पिंपात पुरला. मामा शोधतोय. शोधू दे.

गाऱ्हाण्याचं नीट लिहून ठेव, नाहीतर पुढे तूच विचारशील. पूजा झाली की घरातल्या मोठ्या पुरुषाने देवासमोर उभं राहून सगळ्यांसाठी मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे होते तोवर हे म्हणत. हे गेले, मामाला काही येईना. मग शेवटच्या वर्षी भरलेला यांचा आवाज टीव्हीवर लावायला लागलो. माणूस नाही, आवाज मागतोय, आणि अख्खी खोली व्हय म्हाराजा. लालबागची चाळ पाडली, टॉवरात आलो, तरी चुकलं नाही.

आणि मधे ते वाक्य. "ह्या माझ्या थोरल्याक वायच अक्कल दी रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा.

थोरला म्हणजे तुझा विलासमामा. साठीला टेकला. बाप वर जाऊनसुद्धा दर चतुर्थीला त्याची अक्कल मागतोय. आता कळलं, माझा डोळा कुणावर आहे?

१४ ऑगस्ट
मामा : आई, डबा बघितलास?
मी : कुठला, मसाल्याचा?
गेला निमूट.

मामी भाजी निवडताना हळूच म्हणाली, "खरं सांगू आई? टीव्हीला हात जोडायचे... माझे माहेरचे, ठाकूरद्वारचे लोक हसतात हो."
म्हणजे संशयित दोन.

१७ ऑगस्ट
तुझ्याबरोबर टॅक्सीने लॅमिंग्टन रोड. दुरुस्तीवाला जिग्नेश. गाळा एवढासा, तोंड केवढं!

"आजी, इसमें चावल कैसे? पानी गिरा था?"
"नाही रे, लपवला होता."
"किससे?"
"घरच्यांपासून."
मग जरा मान देऊन बोलायला लागला.

म्हणतो डबा मेलाय, पोटातली डिस्क जिवंत असेल, ठेवून जा. मी म्हटलं, माझ्यासमोर उघड. तू चहाला गेलीस, मी स्टुलावरून हलले नाही. पाठ वळल्यावर दुसरीच डिस्क दाखवली तर मला काय कळणार? सगळ्या सारख्याच, काळ्या. आपली डोळ्यांनी बघितली, मगच ठेवून उठले.

२० ऑगस्ट
जिग्नेशचा फोन. सगळं निघालं. तुझं बारसं, मामीची केरळची ट्रिप, मामाने काढलेले ढगांचे फोटो (एवढे ढग कशाला?). गाऱ्हाणं नाही.

"आजी, डबा बिघडला म्हणून नाही गेलं ते. वो किसीने डिलीट किया है. लास्ट इयर, गणपती के बाद."
"कुणी?"
"वो कैसे बताऊं? तुमच्या घरचंच कोणी."
त्या जागेवर दुसरं काही बसलं नसेल तर परत येऊ शकतं म्हणाला. बघतो म्हणाला.

गेल्या वर्षी मामाचे ऑफिसचे साहेब आले होते दर्शनाला. अक्कल दी म्हटल्यावर तेही व्हय म्हाराजा. पोट धरून हसले. मामाही हसला. नंतर ताटावरून तसाच उठला. पित्त झालंय म्हणाला.

२१ ऑगस्ट
सरळ विचारलं. "विलास, यांचं गाऱ्हाणं तू पुसलंस?"
पेपर तोंडासमोरून हलला नाही. "आई, मशीन आहे ते. जातं."
"आपोआप?"
"आपोआप."
स्वयंपाकघरात मामीचं लाटणं थांबलं. का थांबलं?

२३ ऑगस्ट
दुपारी पाणी प्यायला उठले. बाल्कनीचं दार लोटलेलं. बाहेरून, "बा देवा म्हाराजा, आज जी काय सेवा तुझ्या लेकरांनी..."
यांचाच आवाज वाटला.

विलास. मालवणी मुंबईची, अडखळत. पण शब्द यांचेच, एकही इकडचा तिकडे नाही. आले कुठून? आधी स्वतःजवळ उतरवून घेऊन मग पुसलं, की इतक्या वर्षांत ऐकून ऐकून...

सुनेचं मागितलं. तुझ्या आईचं, तुझं. मग थोरल्याच्या जागी आला. गप्प.
मग पुन्हा पहिल्यापासून.

मी भांडं न वाजवता परत.

२४ ऑगस्ट
जिग्नेश : थोडं आलंय. यांचं खाकरणं आणि "बा देवा म्हाराजा", मग तुटतं. पुढचं निघेल असं वाटतंय. "निकालूं, आजी?"

निघालं तर यंदा पुन्हा टीव्ही. नाही निघालं तर विलास. आणि यांचं ते खाकरणं, मनू...

म्हटलं, काढ. पण आधी मला एकटीला ऐकव. घरात कुणाला फोन करायचा नाही. लावायचं की नाही ते मी बघेन.

उद्या जिग्नेशला जेवणाचा डबा पोचवायचा. घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. रस वेगळ्या बाटलीत, झाकण घट्ट लाव, त्याच्या मशिनींवर सांडायचा. मामा म्हणेल, माझं ऑफिस तिकडेच आहे, मी देतो. त्याच्या हातात देऊ नकोस. तूच ने.