आमच्या गाईचं पहिलं वेत (तुमचा काही संबंध नाही)

व्याहीबुवांना आणि विहीणबाईंना कंबर वाकेल तितका नमस्कार. (फार वाकत नाही, का ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? पोरीचं तुम्ही किती लाडाने करताय, ते तिने कळवलं. विहीणबाई तिला पलंगावरून पाय खाली टेकवू देत नाहीत, आणि एक वाटी संपायच्या आत दुसरी पुढे येते म्हणे. वाचून आम्हा दोघांना भरून आलं. असं सासर नशिबानेच मिळतं. असो. आजचं पत्र फक्त आमच्या गाईबद्दल आहे.

तिचंही पहिलंच. (हा ‘ही’ चुकून पडला, दुर्लक्ष करावं.) गाभण आहे कळलं आणि आमच्या घराला नुसतं उधाण आलं. बाहेर सोडली तर घसरेल, म्हणून मी तिला गोठ्यातच बांधून ठेवली. आमचे जनावरांचे डॉक्टर फटकळ, पण देवमाणूस. त्यांनी बजावलं होतं, शेवटच्या महिन्यांत खुराक मोजून द्या आणि रोज फिरवा. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? आणि पेंड मी मोजूनच देत होतो हो! फक्त मी वळलो की आमची ही रुमालात गूळ घेऊन जाई, आणि ही वळली की धाकटा भाऊ पिशवीतून मक्याचा भरडा चारी. ज्याला त्याला वाटे, बिचारीला आपल्याशिवाय आहे कोण! गाय दिसामासी गोल होत गेली. आम्ही म्हणालो, काय तेज आलंय!

मग भर दुपारी ती अडली. वासराचे पुढचे खूर दिसले आणि पुढे काही येईना. भाऊ म्हणाला, ओढू या. मी दोर लावून ओढलं आणि शेणात बसकण मारली. (कंबर ती हीच.) डॉक्टर आले ते ओरडतच. आम्हाला बाहेर काढलं, कोपरापर्यंत हात धुतले, आत वळलेली वासराची मान सरळ केली आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढत राहिले. मध्येच म्हणाले, “वासरू मोठं, त्यात हिच्या अंगात चरबी. दोघांतलं कोण राहील, सांगता येत नाही.” व्याहीबुवा, मी खांबाला धरून रडलो. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गाय नव्हती.

दोघी वाचल्या. कालवड झाली, चांगली दांडगी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “जास्तीचं चारत कोण होतं?” आम्ही तिघंही साधुसंत! तेवढ्यात गाय उठली, तिने माझा खिसा हुंगला, मग हिचा रुमाल, मग भावाची पिशवी. डॉक्टर म्हणाले, “झाली साक्ष.”

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
गाईवाला व्याही

ता. क. या हकिकतीचा तुमच्या घराशी सुतराम संबंध नाही.

ता. क. २. थोडा आहे. रागावू नका. पोरीला तिच्या डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच खायला द्या आणि सकाळ-संध्याकाळ फिरू द्या. सोबतीला कुणी नसेल तर मी येतो. कंबर धरून का होईना, तिच्याबरोबर चालेन. ती सुखरूप सुटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.

ता. क. ३. मी नको नको म्हणत असताना हिने सोबत गोडाचा डबा पाठवलाच आहे. तो तुम्ही आणि विहीणबाईंनी मिळून संपवावा. वरचा थर मी भरलाय, तेवढा मात्र पोरीला द्या.