पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस

बेला, सोमवार

राजकुमारचे बाबा, नमस्कार.

राजकुमारने आज फोनवर तुमच्याकडे माझी तक्रार केली, म्हणून लिहिते आहे. होय, तो पहाटे दाट धुक्यात कामावर निघाला, तेव्हा त्याच्या मोटारसायकलची चावी मीच काढून घेतली. आदिलाबादची त्याची बँक तेवढा उशीर सोसेल.

इथे रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला. काळी जमीन ऊब सोडून गार होते, तिला टेकलेली दमट हवाही गार होते आणि बाष्पाचे बारीक थेंब होतात. जमिनीवर उतरलेला ढगच तो. पहाटे अंगणात उभी राहिले, तर बाही भिजली. धुकं इतकं देखणं असतं, हे आमच्या कॉलेजच्या पुस्तकात नव्हतं.

शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "काऊन अडवून राह्यल्या पोराले? रोजचाच त् रस्ता हाय."

तेवढ्यात घुंगरं वाजली. कापसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी फाटकाला घासून गेली. पांढऱ्यात पांढरी, दिसलीच नाही. राजकुमारने डोक्यावरचं हेल्मेट काढून ठेवलं.

तुम्ही रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना?

ऊन चढलं, थेंब विरले. समोरचा कडुनिंब फांदीन् फांदी दिसू लागल्यावर राजकुमारच्या हाती दिले: डबा, हेल्मेट आणि चावी.

तुमची,
नीलिमा