दारू सोडायची गोळी

अहेरी, ५ नोव्हेंबर

ती. आईस दिव्यानीचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

१. जूनपासून माझी बोटं सकाळी दीड तास आखडलेली असतात. तपासणीत संधिवात निघाला.

२. दुखणं कमी व्हावं म्हणून नेहमीच्या औषधासोबत नागपूरच्या डॉक्टरांनी दारू सोडायची गोळी अगदी थोड्या मात्रेत सुरू केली. मी ती पाण्यात विरघळवते आणि सिरिंजने दोन मिलिलिटर मोजून घेते. या आजारासाठी तिला मान्यता नाही, गुण येईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं.

३. दिवाळीत मी घरी आले, तेव्हा आपल्या अतुलला माझ्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. तो म्हणाला, "आई, हे तं बाबाले देत होतो थेच गोळी हाय. इलेबी लागली काय?" तू पाकीट उलटून पाहिलंस आणि उठून आत गेलीस.

मी दारू पीत नाही. आजार लपवला, कारण बाबा गेल्यावर तुला पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्या घालायला लावायचं नव्हतं.

एक जुनी गोष्टही सांगते. बाबा ती गोळी गिळत नव्हते. मला त्या गोळ्या गादीखाली सापडायच्या. मी फेकून द्यायचे. तू रोज आशेने देत होतीस, म्हणून सांगितलं नाही.

लॅबमध्ये मला दुपारची पाळी मिळाली आहे. जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? धानाची कापणी झाली का?

अक्षर वाकडं आलं ते बोटांमुळे. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

सतराला मात्रा वाढवायची आहे. त्याआधी, पंधरा तारखेपर्यंत, फोन उचल किंवा दोन ओळी लिही.

तुझी
दिव्यानी